सातव्या वर्षी छातीत गाठ: थांबायचं कशासाठी आणि धावायचं कधी

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. मुलगी सात वर्षं चार महिन्यांची, दुसरीत आहे. दोन महिन्यांपूर्वी आंघोळ घालताना डाव्या स्तनाग्राखाली शर्टाच्या बटणाएवढी गाठ हाताला लागली, दाबलं की दुखतं. घामाला मोठ्या माणसांसारखा वास येऊ लागलाय. उंची १२६ सेंमी, वजन २९ किलो. शाळेच्या आरोग्य कार्डावर गेल्या वर्षी याच सुमारास उंची ११८ सेंमी लिहिली आहे. तुम्हाला स्वतःला पाळी तेराव्या वर्षी आली. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "हल्ली असं होतंच, बघू." ओळखीच्या एकीने सांगितलं की वयात येणं लांबवणारी इंजेक्शनं ताबडतोब घ्या, नाहीतर मुलगी बुटकी राहील. सासूबाईंनी दूध, अंडी आणि चिकन बंद केलंय. आणि धाकटी चार वर्षांची आहे, तिचंही असंच होणार का, ही काळजी वेगळीच.

डॉक्टरांचं "बघू" चुकीचं नाही, अर्धवट आहे. काय बघायचं, कशाने मोजायचं आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे त्यात राहून गेलं. मुलगी लवकर वयात येतेय म्हणून आम्हा डॉक्टरांकडे येणारे बहुतेक आईवडील "हे का झालं?" असं विचारत येतात. उपचार करायचे की नाही हे मात्र जवळजवळ पूर्णपणे "हे किती वेगाने पुढे सरकतंय?" यावर ठरतं. त्यामुळे पुढचं सगळं त्या वेगाभोवतीच लिहिलंय.

मुलीला आठ वर्षं पूर्ण होण्याआधी छातीची वाढ सुरू झाली किंवा मुलाला नऊ पूर्ण होण्याआधी वृषणांची वाढ सुरू झाली, तर आम्ही त्याला अकाली वयात येणं म्हणतो. पण आठ ही काही लक्ष्मणरेषा नाही. साडेसातला सुरू होऊन रमतगमत चालणाऱ्या अनेक मुली नॉर्मलच्या लवकरच्या टोकाला असतात, त्यांना काहीही करावं लागत नाही. उलट, साडेआठला सुरू होऊन वर्षभरात पाळीपर्यंत पोचणारी मुलगी जास्त काळजीची असते. नेहमीचा क्रम असा: आधी छातीत गाठ, मग जांघेत आणि काखेत केस, मधल्या काळात उंचीची उसळी आणि शेवटी पाळी. गाठ ते पाळी हे अंतर साधारण दोन ते अडीच वर्षांचं असतं आणि लवकर सुरुवात झालेल्या मुलींत ते बऱ्याचदा आणखी लांबतं. म्हणजे आज गाठ लागली म्हणून दिवाळीपर्यंत पाळी येईल, ही भीती मनातून काढून टाका.

आता तुम्ही लिहिलेल्या दोन खुणा वेगळ्या करू, कारण त्यांचे उगम वेगळे आहेत. घामाचा वास, जांघेतले केस, कपाळावरच्या पुटकुळ्या ही मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींची कामगिरी. सहा ते आठ वर्षांच्या, विशेषतः वजन थोडं जास्त असलेल्या मुलांत त्या जरा आधी जाग्या होतात. नुसता वास आणि चार केस एवढंच असेल तर बहुतेक वेळा लक्ष ठेवण्यापलीकडे काही लागत नाही. छातीची गाठ मात्र इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे येते. ते बहुधा बीजकोशातून येतं, आणि बीजकोशांना जागं करायचा हुकूम मेंदूतून, त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत सुटतो. मुलींमध्ये हा हुकूम लवकर सुटण्यामागे बहुतेक वेळा कुठलाही आजार सापडत नाही. मुलांमध्ये सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते, त्यावर पुढे लिहिते.

पहिली शंका अशी की ती गाठ खरंच ग्रंथी आहे की नुसती चरबी. १२६ सेंमीला २९ किलो म्हणजे वजन थोडं जास्त आहे, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. मुलीला उताणं झोपवा, हात डोक्याखाली घ्यायला सांगा, आणि दोन बोटं सपाट ठेवून स्तनाग्राच्या बरोबर खाली हलके फिरवा. ग्रंथी असेल तर रबरी, कडेने वेगळी कळणारी चकती लागते आणि ती दुखरी असते. चरबी असेल तर सगळीकडे सारखं मऊ लागतं, स्तनाग्राखाली उलट पोकळ वाटतं. तुमचं वर्णन ग्रंथीचं वाटतं. एकाच बाजूला असणं नेहमीचं आहे, दुसरी बाजू कधीकधी सहा महिन्यांनीही येते. हे एकदा बघून झालं की पुन्हा महिन्याने. रोज दाबून बघू नका, तेल लावून चोळू नका, आणि काकू, मावशी, आत्या अशा सगळ्यांना दाखवू तर अजिबात नका.

इथेच एक कळकळीची सूचना. एका बाजूची गाठ बघून कुणी ती काढायला किंवा तिचा तुकडा तपासायला सांगितलं तर थांबा आणि दुसरं मत घ्या. या वयातली ती चकती म्हणजे पुढच्या संपूर्ण स्तनाचं बीज असतं. ती काढली की त्या बाजूची वाढ कायमची खुंटते. लालसरपणा, ताप, पू किंवा स्तनाग्रातून रक्त अशी लक्षणं असतील तर सोनोग्राफी करतात. एरवी तीही लागत नाही.

दुसरं मोजमाप उंचीचं, आणि तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. या वयात वर्षाला पाच ते सहा सेंमी वाढ अपेक्षित असते. तुमच्या आकड्यांप्रमाणे ती आठ झाली. हे खरं असेल तर उंचीची उसळी सुरू झाली आहे आणि नुसतं "बघू" पुरेसं नाही. पण शाळेची मापं बूट घालून, पोनीटेलसकट, पट्टी भिंतीला तिरकी धरून घेतलेली असतात, त्यामुळे त्या ११८ वर माझा पूर्ण विश्वास नाही. लसीकरणाच्या फाईलमध्ये, जुन्या प्रिस्क्रिप्शनवर, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या खुणेत, जिथे मिळतील तिथून जुन्या उंच्या तारखेसकट गोळा करा.

पुढची मापं घरी नीट घ्या. अनवाणी, केस मोकळे सोडून, टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा, खूण करा, धातूच्या टेपने मोजा. सलग तीनदा मोजून मधला आकडा लिहा. दर वेळी सकाळीच मोजा, कारण दिवसभरात माणूस सेंटीमीटरभर दबतो. दोन मापांत किमान तीन महिन्यांचं, जमल्यास सहा महिन्यांचं अंतर ठेवा. महिन्याला मोजून वेग काढायला गेलात तर अर्ध्या सेंटीमीटरची चूक वर्षाच्या हिशेबात सहा सेंमीची होते आणि उगाच झोप उडते. हे आकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर मांडायला डॉक्टरांना सांगा, परदेशी तक्त्यावर नको.

एक गोष्ट घरच्यांना समजावून सांगावी लागेल. "पोरगी तर वर्गात उंच दिसतेय, मग बुटकी कशी राहील?" असं हमखास विचारलं जातं. इस्ट्रोजेन आधी हाडं झपाट्याने लांब करतं आणि मग त्यांची वाढीची टोकं लवकर बंद करतं. म्हणून आज वर्गात सर्वांत मागे उभी राहणारी मुलगी सहावी-सातवीत थांबते आणि बाकीच्या तिला मागे टाकतात. पाळी सुरू झाल्यावर साधारण पाच ते सात सेंमी वाढ उरते, अगदी लवकर आली तर थोडी जास्त.

कोणत्या परिस्थितीत मात्र तीन महिने वाट बघायची नाही? मुलगी सहाच्या आतली असेल आणि खुणा वाढत असतील. योनीमार्गातून रक्त गेलं असेल. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, नजर कमी होणं, झटके, किंवा कारण नसताना येणारे हसण्याचे विचित्र झटके असतील, कारण मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या एका प्रकारच्या गाठीत हे दिसतं. अचानक खूप तहान आणि लघवी वाढली असेल. अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे, वेड्यावाकड्या कडेचे डाग असतील. आवाज घोगरा होतोय, मुरुमं, दाट केस आणि जननेंद्रियाचा आकार वाढतोय असं दिसलं तर अधिवृक्क ग्रंथींचा आजार शोधावा लागतो. यातलं काहीही असलं तर त्याच आठवड्यात बालहार्मोनतज्ज्ञ गाठायचा. छातीची वाढ अजिबात नसताना रक्त गेलं, तर ती बहुधा पाळी नसते. आत अडकलेली वस्तू, जंतुसंसर्ग, इजा आणि लैंगिक अत्याचार, या सगळ्याचा विचार करावाच लागतो. लोकलाजेपायी डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.

ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नऊच्या आत मुलात काहीही दिसलं तर थांबायचंच नाही. डॉक्टर ठरावीक मापांच्या मण्यांच्या माळेशी ताडून वृषणाचं माप घेतात, चार मिलि किंवा जास्त म्हणजे सुरुवात झाली. केस आणि लिंगाची वाढ आहे पण वृषण लहानच, तर उगम दुसरीकडे, बहुधा अधिवृक्क ग्रंथीत. दोन्ही वृषणं वाढलेली असतील तर मेंदूचा एमआरआय प्रत्येक मुलाचा करतात. घरात कुणी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं जेल त्वचेला लावत असेल तर तेही आवर्जून सांगा. कडेवर घेतल्याने ते मुलाच्या अंगाला लागून अशा खुणा दिसल्याच्या नोंदी आहेत.

तुमच्या मुलीत यातलं काही नाही असं धरून, मी सांगेन ते असं: येत्या दोन-तीन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि डाव्या हाताचा, मनगटासह, एक एक्स-रे. त्यावरून हाडांचं वय कळतं. त्यात किरणोत्सार नगण्य असतो, घाबरू नका. हाडांचं वय खऱ्या वयाच्या वर्षभर पुढे असेल तर, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलीत, मी फारशी दचकत नाही. दोन वर्षं किंवा जास्त पुढे असेल तर पुढच्या तपासण्या लगेच. नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका, फिल्म किंवा तिची डिजिटल प्रत घ्या. वाचणाऱ्याच्या सवयीनुसार सहा महिने-वर्षाचा फरक सहज पडतो, त्यामुळे पुढच्या वर्षीचा एक्स-रेही शक्यतो त्याच तज्ज्ञाने वाचलेला बरा.

रक्ताच्या तपासणीत थायरॉइडचं टीएसएच असू द्या. थायरॉइड फार कमी असेल तरी छातीची वाढ लवकर होऊ शकते, फक्त त्यात उंची वाढण्याऐवजी मंदावते आणि हाडांचं वय मागे पडतं. थायरॉइडच्या गोळीने ते सावरतं, इंजेक्शनचा प्रश्नच येत नाही. एलएच हा पिट्युटरीचा हुकूम बीजकोशांपर्यंत नेणारा संप्रेरक सकाळच्या रक्तात, अतिसंवेदनशील पद्धतीने मोजायला सांगा. इथे एक चूक वारंवार होते. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादा मोठ्या बायकांची असते. मुलीचा आकडा ०.९ आला तर कागद म्हणतो सगळं ठीक, पण सात वर्षांच्या मुलीत लिटरमागे ०.३ युनिटच्या वर गेलं की मेंदूतून हुकूम सुटलाय असं आम्ही मानतो. उलटही खरं: सुरुवातीच्या काळात आकडा कमी येऊ शकतो, तेव्हा एक इंजेक्शन देऊन ठरावीक वेळाने पुन्हा रक्त घेतात. त्यात एलएच पाचच्या वर उसळलं तर शंका राहत नाही. इस्ट्रोजेनचा आकडा या वयात फारसा भरवशाचा नसतो. नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

ओटीपोटाची सोनोग्राफी लघवी तुंबवून, पोटावरूनच करतात. गर्भाशयाची लांबी साडेतीन सेंमीच्या पुढे असेल तर इस्ट्रोजेनचा परिणाम सुरू आहे. बीजकोशात बारीक बारीक फुगे दिसणं या वयात साधं आहे. रिपोर्टवर "पीसीओडी" लिहून आलं तर त्यावर गोळ्या सुरू करू नका. मेंदूच्या एमआरआयचं म्हणाल तर सहाच्या आतल्या मुलींत करतातच. सहा ते आठमध्ये लक्षणं आणि वेग बघून ठरतं, आणि तिथे आम्हा डॉक्टरांतही एकमत नसतं.

आता वयात येणं लांबवणारं इंजेक्शन. ते कुणाला द्यायचं हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, खुणा तीन ते सहा महिन्यांत पुढच्या टप्प्यावर गेल्या का. दोन, अंदाजे अंतिम उंची आईवडिलांच्या मानाने फार खाली येतेय का. मुलीसाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करा, त्यातून १३ सेंमी वजा करा, दोनने भागा. वडील १६८ आणि आई १५४ असतील तर उत्तर येतं १५४.५ सेंमी, आणि त्याच्या आजूबाजूला आठएक सेंमी इकडेतिकडे चालतं. हाडांच्या वयावरून येणारा अंदाज याच्या जवळपास असेल तर इंजेक्शन देऊन फारसं काही हाती लागत नाही. सहाच्या आत सुरू झालेल्या मुलींना उंचीचा फायदा सर्वांत जास्त, सहा ते आठमध्ये कुणाला बरा तर कुणाला किरकोळ, आठनंतर सुरू केलं तर बहुतेक नगण्य. तुमची मुलगी मधल्या गटात आहे, म्हणून तर एक्स-रे आणि वेग बघितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय. उंचीखेरीज दुसरं कारण असतं ते पाळी सांभाळण्याच्या कुवतीचं. मुलीची बौद्धिक वाढ मंद असेल, किंवा वेग असा असेल की तिसरीतच पाळी येईल, तर उंचीचा हिशेब बाजूला ठेवूनही आम्ही इंजेक्शनाचा विचार करतो.

औषध ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन. प्रचलित मात्रा ३.७५ मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी किंवा ११.२५ मिलिग्रॅम दर १२ आठवड्यांनी. मेंदूतला मूळ संप्रेरक थांबून थांबून, लहरींत येतो. हे औषध त्याचीच नक्कल सतत करत राहतं, त्यामुळे पिट्युटरी काही आठवड्यांत दाद देणं बंद करते. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत छाती थोडी जास्त भरलेली वाटू शकते, आणि गर्भाशयाचं अस्तर आधीच तयार असेल तर एकदा थोडं रक्तही जाऊ शकतं. त्याला घाबरून दुसरं इंजेक्शन चुकवू नका, उलट ते वेळेवर घ्या. दोन महिन्यांनंतर रक्त गेलं तर मात्र कळवायचं.

चुका कुठे होतात ते लिहिते, कारण हे औषध महाग आहे, काही हजारांत जातं, आणि निम्मं वाया गेलेलं कुणाला परवडत नाही. "दर महिन्याला एक तारखेला" असा हिशेब धरला की ३१ दिवसांचे महिने येतात आणि इंजेक्शन मागे सरकत जातं. कॅलेंडरवर २८-२८ दिवस मोजून वर्षभराच्या खुणा आधीच करा. परीक्षा, लग्नकार्य, गावची जत्रा आडवी येणार असेल तर दोन दिवस आधी घेतलेलं चालतं, आठवडाभर उशीर चालत नाही. भुकटी तिच्याबरोबर आलेल्या द्रवातच मिसळायची, नीट हलवायची आणि मिसळल्यावर लगेच टोचायची. दोन मिनिटं ठेवली तरी ती तळाशी बसते आणि सुई अडकते, मग मात्रा अर्धवट जाते. घराजवळच्या नर्सकडून घेणार असाल तर पहिल्या वेळी माहितीपत्रक त्यांच्यासमोर उघडून ठेवा. टोचल्या जागी कडक, दुखरी गाठ राहिली तर डॉक्टरांना दाखवा आणि पुढचं इंजेक्शन दुसऱ्या बाजूला घ्या.

उपचार चालू असताना उंचीचा वेग वर्षाला चार ते सहा सेंमीवर येतो. "इंजेक्शनाने पोरीची वाढच थांबवली" असं घरात कुणीतरी म्हणणारच. वेग कमी करणं हाच तर उद्देश आहे, म्हणजे हाडांना जास्त वर्षं मिळतात. छाती मऊ पडते किंवा आहे तेवढीच राहते, केस आणि घामाचा वास मात्र जात नाहीत, कारण त्यांचा उगम दुसरा. काही मुलींचं वजन वाढतं. हाडांची घनता तात्पुरती थोडी कमी वाढते आणि औषध थांबवल्यावर भरून येते. पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही, हे या औषधाच्या अनेक दशकांच्या वापरातून दिसलंय. साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास थांबवतात, त्यानंतर सरासरी वर्ष-दीड वर्षात पाळी येते.

सासूबाईंकडे वळू. त्यांना दुखवायची गरज नाही, पण मुलीचं दूध आणि अंडी परत सुरू करा. दुधाबद्दल लोकांच्या मनात असतं ते ऑक्सिटोसिन, म्हशीला पान्हा सुटायला टोचतात ते. जनावराच्या दृष्टीने ते वाईटच, पण ते प्रथिनाच्या जातीचं असल्याने पोटात पचून जातं, त्याने छाती येत नाही. पपई, तीळ, खारीक, गूळ "उष्ण" म्हणून बंद करण्यालाही आधार नाही. सोयाबीन नेहमीच्या प्रमाणात चालतं. घरात खरोखर शोधायला हवेत ते उंची किंवा वजन वाढवणारे, घटक न लिहिलेले चूर्ण आणि टॉनिक, आणि मोठ्यांची हार्मोनची क्रीमं. हे काही वापरात असेल तर डबीच डॉक्टरांकडे न्या.

वजनाचा संबंध मात्र खरा आहे. चरबीतून निघणारे संदेश मेंदूला "साठा पुरेसा आहे, सुरू करा" असं सांगतात, आणि चरबीत थोडं इस्ट्रोजेनही तयार होतं. कोविडच्या टाळेबंदीनंतर इटलीतून आणि आपल्या पुण्यातूनही अशा मुलींची संख्या वाढल्याची नोंद झाली. घरात बसणं, वजन, स्क्रीन, झोप, ताण यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. सात वर्षांच्या मुलीला डाएटवर ठेवायचं नसतं. तासभर घाम येईपर्यंत खेळ, रात्री नऊ-दहा तास झोप, डब्यात बिस्किटं आणि वेफर्सऐवजी पोळीभाजी, आणि गोड पेयं फक्त सणावारी. वजन आहे तिथेच राहून उंची वाढली तरी पुष्कळ झालं. सुरू झालेलं याने थांबेल असं मी सांगणार नाही. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालं, असंही नाही.

आता मुलीशी बोलण्याचं. शरीर पुढे गेलं तरी मन सात वर्षांचंच आहे, आणि घरातले नेमकं हेच विसरतात. "तुझ्या शरीराने मोठं व्हायची तयारी जरा लवकर सुरू केलीय. सगळ्याच मुलींचं होतं, कुणाचं आधी, कुणाचं नंतर. दुखलं तर मला सांग." आत्ता एवढं पुरे. ती विचारेल तेवढंच पुढचं. "आता मोठी झालीस, मुलांबरोबर खेळू नकोस, पाय जवळ घेऊन बस" हे आजीकडून आलं तरी तुम्ही तिथल्या तिथे, शांतपणे थांबवा. बाबांनी अचानक जवळ घेणं बंद केलं तर मुलीला वाटतं आपल्यात काहीतरी वाईट आहे. त्यांना आधीच सांगून ठेवा की रोजचं जवळ घेणं, पाठीवर थाप, सगळं चालू ठेवायचं.

कपड्यांत ब्रा नको. सुती, छातीशी दुहेरी कापड असलेली स्लिप घ्या, गणवेशाखाली दिसत नाही आणि दुखऱ्या गाठीला घासतही नाही. वासासाठी रोज काखा साबणाने धुणं आणि बनियन रोज बदलणं पुरतं. वर्गशिक्षिकेला, आणि गरज पडली तर खेळाच्या बाईंना, दोन वाक्यांत सांगा: हिची वाढ थोडी लवकर सुरू झालीय, कुणी चिडवत असेल किंवा हिला कपडे बदलताना संकोच होत असेल तर मला फोन करा. पोहणं, नाच, कबड्डी काहीही बंद करायचं नाही. उंच आणि भरलेली दिसते म्हणून नातेवाईक तिच्याकडून दहा वर्षांच्या मुलीची समज मागतात, "एवढी घोडी झालीस" म्हणतात. तिथे तिचं वय मोठ्याने सांगत चला.

सुरक्षिततेचं बोलणं मात्र पुढे ढकलू नका. छाती, जांघेचा भाग, पार्श्वभाग यांना कुणी हात लावायचा नाही, डॉक्टरसुद्धा आई किंवा बाबा जवळ असतानाच तपासतील, आणि कुणी "हे गुपित ठेव" म्हटलं तर ते आईला सांगायचंच. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक तिला आणि तुम्हालाही पाठ असू द्या. पाळीबद्दल आत्ताच भाषण नको. छाती दोन्ही बाजूंनी स्पष्ट वाढली आणि केस आले की मग दाखवा. एक पॅड, एक निकर आणि थोडं पाणी घेऊन चिकटवणं आणि काढून गुंडाळणं, दोन-तीनदा खेळासारखं. मग दप्तराच्या आतल्या कप्प्यात लहान पाऊच: दोन छोटे पॅड, एक निकर, एक झिपची पिशवी. आणि शाळेत कुणाकडे जायचं त्या बाईंचं नाव.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: गाठ पहिल्यांदा लागल्याची तारीख, जुन्या सगळ्या उंच्या तारखांसह, तुमची आणि यजमानांची उंची (मोजून, आठवणीतली नको), घरात चालू असलेली औषधं आणि टॉनिकं. तुमच्या गावात बालहार्मोनतज्ज्ञ नसेल तर पहिली तपासणी, एक्स-रे आणि थायरॉइड हे सगळं तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे होतं. मुंबई-पुणे-नागपूरची फेरी हाडांचं वय दोन वर्षं पुढे निघालं किंवा तीन महिन्यांत खुणा वाढल्या तरच करा.

राहिली धाकटी. तुमची पाळी तेराव्या वर्षीची, म्हणजे आईकडून हे आलेलं दिसत नाही, पण यजमानांकडची चौकशी राहिली आहे. २०१३ मध्ये एमकेआरएन३ नावाचा एक जनुक सापडला. त्यातल्या दोषामुळे मुलामुलींत वयात येणं लवकर सुरू होतं, आणि तो परिणाम उतरतो फक्त वडिलांकडून, कारण आईकडून आलेली त्याची प्रत मुळात बंदच असते. म्हणून आत्यांना पाळी कितव्या वर्षी आली, आणि यजमानांना किंवा काकांना पाचवी-सहावीतच मिसरूड फुटून उंची लवकर थांबली होती का, हे विचारा. तसं काही निघालं तर डॉक्टरांना सांगा. नसेल तर धाकटीची उंची फक्त दर सहा महिन्यांनी, थोरलीच्याच भिंतीवर, त्याच पद्धतीने लिहून ठेवा. तिला मात्र चार-पाचव्या वर्षी अशी गाठ लागली, तर थोरलीसाठी सांगितलेलं तीन महिने बघणं तिला लावू नका, थेट तज्ज्ञांकडे न्या.